बातमी वेळेवर पोचावी म्हणून

पाम, टेंभी, कुंभवली, कोलवडे, सालवड, सरावली, पास्थळ ही गावं तारापूर औद्योगिक वसाहतीच्या आसपास वसलेली. सकाळ झाली की इथल्या घराघरांतून बाई कामाला बाहेर पडते. कुणी औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे, कुणी पॅकिंगला सुपरवायझर, कुणी शाळेत शिक्षिका, कुणी बोईसरच्या दवाखान्यात नर्स. कुणी सीएच्या ऑफिसात बसून जीएसटीचे रिटर्न भरते, कुणी अंगणवाडी सांभाळते, कुणी लोकलने मुंबईच्या बँकेत जाते. ही पुस्तिका या सगळ्याजणींसाठी आहे. कामाच्या बातम्या, कामातल्या ओळखी आणि कामात पुढे जायच्या वाटा अशा तीन गोष्टी तिच्यात एकत्र आणल्या आहेत. त्या एकत्रच का आणाव्या लागल्या, ते आधी सांगते.

आमच्या भागात काम दाराशी चालत आलं. १९६९ मध्ये तारापूरच्या अणुवीज केंद्रातून वीज मिळू लागली. पुढे एमआयडीसी आली आणि तिच्याबरोबर रसायनं, औषधं, कापड, पोलाद यांचे कारखाने आले. एप्रिल २०१३ मध्ये लोकल विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागली. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला आणि जिल्ह्याचं मुख्यालय पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावला उभं राहिलं. यातल्या प्रत्येक टप्प्यावर नव्या नोकऱ्या आल्या. मुलीही मागे राहिल्या नाहीत. पालघरच्या दांडेकर महाविद्यालयातून बी.एस्सी., बी.कॉम. करून त्या बाहेर पडल्या, आयटीआय केलं, डिप्लोमा केला, नर्सिंग केलं. तरीही कारखान्याच्या ज्या खोलीत निर्णय होतात, तिथे बाई अजून क्वचितच दिसते. प्रयोगशाळेत बाकावर काम करणाऱ्या मुली पुष्कळ आहेत, पण प्रयोगशाळा ज्यांच्या हाताखाली चालते त्यांत बायका थोड्या. हे असं का?

घर, मुलं, सासर, प्रवास ही कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत आणि ती खरीही आहेत. पण इतकी वर्षं या वसाहतीत वावरल्यावर माझं मत असं झालं आहे की एक कारण यांच्याही आधी येतं आणि त्याची चर्चा होत नाही. बाईला बातमी उशिरा कळते. कंपनीत जागा निघाली की ती जाहिरातीत दिसायच्या आधी गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर कळते. कुठला मॅनेजर सोडून चाललाय, कुठल्या प्लँटला नवीन ब्लॉक सुरू होतोय, कोण अनुभवी माणूस शोधतंय, सध्या काय पगार चाललाय, हे सगळं तिथे उभ्या उभ्या बोललं जातं. शिफ्ट सुटल्यावर पुरुष तिथे पाव तास थांबतो. बाई गेटमधून निघते ती थेट शेअर रिक्षा गाठते, कारण पाळणाघर बंद व्हायची वेळ झालेली असते. तो पाव तास वर्षानुवर्षं साठत जातो. दहा वर्षांनी दोघांची डिग्री तीच असते, पण त्याला सगळी वसाहत ओळखत असते आणि तिला फक्त तिचा सेक्शन.

एक उदाहरण जरा जवळून पाहू. औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये एक केमिस्ट दिवसभर काय करते? सॅम्पल येतं, त्याची नोंद होते. ती वजन करते, द्रावण बनवते, एचपीएलसी मशीनवर लावते. आधी मशीन नीट चालतंय हे सिद्ध करून दाखवावं लागतं, मग सॅम्पल. पडद्यावर एकामागून एक उंचवटे उमटत जातात, त्यांचं गणित मांडायचं आणि प्रत्येक आकडा लॉगबुकात त्याच वेळी, न खोडता लिहायचा. ऑडिटला परदेशातून तपासनीस आला तर तो हीच वही उघडतो. काम जबाबदारीचं आहे आणि आमच्या मुली ते चोख करतात. पण या धंद्यात बढतीचा एक दरवाजा आहे आणि त्याचं नाव एफडीएचं अप्रूव्हल. पुरेसा अनुभव झाला की कंपनीमार्फत अर्ज जातो आणि अन्न व औषध प्रशासन त्या केमिस्टला तपासणीसाठी सक्षम म्हणून मान्यता देतं. मग नोकरीच्या जाहिरातीतली ‘अप्रूव्ह्ड केमिस्ट’ ही अट पूर्ण होते, पगार बदलतो आणि सहीला वजन येतं. माझ्या पाहण्यात अशा मुली आहेत की ज्यांचा अनुभव केव्हाच पुरा झाला होता, पण अर्ज आपणच मागायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांच्यानंतर लागलेल्या मुलांनी तो मागितला, कारण त्यांना टपरीवर कुणीतरी सांगितलं होतं. हुशारीत फरक नव्हता. फरक एका वाक्याच्या बातमीचा होता.

ओळखीबद्दल आमच्याकडे संकोच आहे. ओळख म्हटलं की वशिला आठवतो आणि सरळमार्गी बाई दोन पावलं मागे सरते. तिच्या मनातला हा संकोच जावा म्हणून याच जिल्ह्यातली एक हकीकत सांगते. अनुताई वाघ १९१० मध्ये जन्मल्या, लहानपणीच लग्न झालं आणि लगेच वैधव्य आलं. शिकून त्या पुण्याला हुजूरपागेत शिक्षिका झाल्या. १९४५ मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं ग्रामसेविकांसाठी शिबिर भरलं होतं, तिथे त्या गेल्या. तिथे त्यांची ताराबाई मोडकांशी गाठ पडली. ताराबाईंना बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम उभं करायचं होतं आणि सोबतीण हवी होती. अनुताई बोर्डीला आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारल्यांची मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, ती गुरं राखायला जातात त्या कुरणात न्यायची, हा विचार त्या दोघींनी तिथे करून दाखवला. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. बी.ए.ची पदवी अनुताईंनी पन्नाशी ओलांडल्यावर घेतली, काम चालू ठेवून.

या हकीकतीत आपल्याला हवं ते सगळं आहे. शिबिर भरतंय ही बातमी अनुताईंपर्यंत पोचली. शिबिरात अनुभवी बाईशी ओळख झाली. त्या ओळखीतून कामाची वाट निघाली आणि त्या वाटेवर असताना शिक्षणही पुढे गेलं. ताराबाईंनी अनुताईंवर मेहेरबानी केली नव्हती. दोघींनाही एकमेकींची गरज होती. चांगल्या ओळखीत कुणी कुणाचं मिंधं नसतं. वशिल्यात लायकी नसलेल्याला जागा मिळते, ओळखीत लायकी असलेल्याचा पत्ता लागतो. आणि आज देशभर लाखो बायका अंगणवाडीत काम करतात, त्या कामाची एक मुळी आपल्या डहाणू तालुक्याच्या मातीत आहे, ही गोष्ट इथल्या प्रत्येक अंगणवाडीताईने मान वर करून सांगावी.

बायकांनी बायकांसाठी बातमीची आणि भेटीची जागा तयार करायची, ही महाराष्ट्रात काही नवी रीत नाही. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढला. तिथे जमणाऱ्या बायकांना घराबाहेर एकत्र बसण्याची ती जवळजवळ पहिलीच संधी होती. रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनाने शिक्षिका आणि नर्सा तयार केल्या, म्हणजे बाईला पगार मिळवून देणाऱ्या व्यवसायाचं दार उघडलं. १९३० मध्ये किर्लोस्करांनी ‘स्त्री’ मासिक सुरू केलं. पुढे त्याच मासिकाच्या संपादक राहिलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ काढलं. ज्या गावात वाचनालय नव्हतं तिथेही हे अंक हातोहात फिरत. बाई एकटी नाही, तिच्यासारखाच प्रश्न दुसऱ्या गावातल्या बाईलाही पडला आहे, हे त्या अंकांनी तिला दाखवून दिलं. त्या परंपरेपुढे ही पुस्तिका अगदी लहान आहे. पण तिचा पत्ता ठरलेला आहे: बोईसर, पालघर आणि आजूबाजूची गावं.

आमच्याकडे अशी एक जागा रोज भरते, ती म्हणजे लोकलचा लेडीज डबा. ५ मे १९९२ ला पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी खास बायकांची लोकल सोडली आणि पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत गेली. डहाणूची लोकल सुरू झाल्यावर वाणगाव, बोईसर, उमरोळी, पालघर, केळवे रोड, सफाळे इथल्या बायकांचाही डब्यात जम बसला. नवरात्रात रंग ठरतात, डब्यात हळदीकुंकू होतं, कुणाच्या मुलीची बारावी, कुणाच्या सासऱ्यांचं ऑपरेशन, सगळं एकमेकींना माहीत असतं. भाजी निवडून होते, भिशी चालते. इतका विश्वास असलेल्या माणसांत फक्त एक विषय निघत नाही, तो म्हणजे आपलं काम. समोर बसलेली बाई कुठल्या कंपनीत आहे हे माहीत असतं, पण ती तिथे नेमकं काय करते, तिचा पगार काय, तिच्या कंपनीत माणसं घेतायत का, हे विचारणं भोचकपणाचं वाटतं. हा संकोच सोडायला हवा. भिशीत प्रत्येकीने दरमहा थोडं घातलं की प्रत्येकीला एकदा मोठी रक्कम मिळते. बातमीचंही तसंच चालवता येईल. आठवड्याला प्रत्येकीने एक माहिती डब्यात आणायची. एकीची माहिती सगळ्यांच्या उपयोगी पडेल आणि कुणाची वजा होणार नाही.

कुठली माहिती? इथे पगाराच्या स्लिपपासून सुरुवात करू. ती हातात आली की बहुतेकजणी खालचा शेवटचा आकडा बघतात. वरच्या ओळी वाचायला हव्यात. ‘पीटी’ म्हणजे व्यवसाय कर, दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या बाईला हा कर माफ झाला. त्याआधी ही मर्यादा १०,००० होती. स्लिपवर अजून कापला जात असेल तर अकाउंट्सला विचारायचं. ‘ईएसआयसी’ची ओळ असेल तर आपल्याला कर्मचारी विमा आहे. २०१७ मध्ये त्यासाठी पगाराची मर्यादा २१,००० झाली. या विम्यातून स्वतःवर आणि घरच्यांवर उपचार होतात आणि बाळंतपणाच्या रजेचे पैसेही त्यातूनच मिळतात. ‘पीएफ’ची ओळ असेल तर यूएएन नंबर आपल्याजवळ हवा, ठेकेदाराच्या रजिस्टरमध्ये असून भागत नाही. ठेकेदार बदलला तरी नंबर तोच राहतो, आणि कापलेले पैसे खरंच भरले जातात का हे पासबुकात स्वतः पाहता येतं.

बाळंतपणाच्या रजेबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. मातृत्व लाभ कायद्याने त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं, एवढी अट घातली. ‘तू कंत्राटी आहेस, तुला नाही मिळणार’ हे वाक्य वसाहतीत सर्रास ऐकू येतं आणि ते ऐकून मुली नोकरी सोडतात. त्या दुरुस्तीत ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करायलाही सांगितलं आहे. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावी लागते आणि तिची अध्यक्ष बाई असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची. त्याहून लहान ठिकाणी काम करणाऱ्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. आपल्या कंपनीच्या समितीवर कोण आहे, हे संकट येण्याआधीच नोटीस बोर्डावर वाचून ठेवावं. आणि अंगणवाडीताईंसाठी एक मोठी बातमी: एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असा निकाल दिला. खटला गुजरातमधला होता, पण तत्त्व सगळीकडचं आहे. हा निकाल आपल्या किती ताईंपर्यंत पोचला असेल?

हक्क कळले म्हणजे जागेवर टिकता येतं. पुढे जायचं तर कौशल्य वाढवावं लागतं, आणि कुठलं वाढवायचं हेही माहितीवरच ठरतं. रसायनांच्या वसाहतीत सुरक्षा अधिकाऱ्याला कायम मागणी असते. इंडस्ट्रियल सेफ्टीचा अ‍ॅडव्हान्स डिप्लोमा केलेली, प्लँट पाहिलेली बी.एस्सी. किंवा डिप्लोमाधारक मुलगी तिथे जाऊ शकते. पण हा कोर्स मुलींच्या कानावर क्वचितच जातो. अकाउंट्समधल्या बाईने टॅलीवर थांबू नये. जीएसटी, पीएफ आणि ईएसआयसी ही तिन्ही कामं येणारी बाई लहान कारखान्यांना सोन्यासारखी वाटते. मुलाखतीत इंग्रजी अडखळतं म्हणून मागे राहणाऱ्या मुलींसाठी पुढे एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि मुलांमुळे चार-पाच वर्षं घरी राहून परत येऊ पाहणाऱ्यांसाठी दुसरं.

रात्रपाळीचा प्रश्न टाळून चालणार नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने बाईला संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळात कारखान्यात काम करायला मनाई केली होती. महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीने सुरक्षेच्या अटींवर ही मनाई सैल केली. चोवीस तास चालणाऱ्या प्लँटमध्ये ज्याने शिफ्ट केली नाही तो शिफ्ट इनचार्ज होत नाही, आणि शिफ्ट इनचार्ज न झालेला पुढे प्लँट मॅनेजर होणं अवघड. म्हणून दार उघडलं हे चांगलंच झालं. पण रात्री अकराला सुटलेल्या मुलीला टेंभीपर्यंत घराच्या दाराशी कोण सोडणार, याचं उत्तर कंपनीने लेखी दिल्याशिवाय तिने हो म्हणू नये. संधी आणि सुरक्षितता यांतलं एक निवड, असं बाईला सांगणाऱ्या कुठल्याही व्यवस्थेला मी प्रगत म्हणणार नाही.

नोकरी करणाऱ्यांइतकीच ही पुस्तिका स्वतःचा धंदा करणाऱ्यांची आहे. सातपाटीची कोळीण पहाटे बंदरावर लिलावात भाव ठरवते, उधारी लक्षात ठेवते, बर्फाचा आणि गाडीचा हिशोब करते. तिला कुणी उद्योजक म्हणत नाही, पण ती पिढ्यान् पिढ्या तेच आहे. घोलवडच्या चिकूला आणि वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. चिकूचे पदार्थ करणारी आणि चित्रं काढणारी बाई मानांकनाचा फायदा स्वतःच्या नावावर घेते की मधला व्यापारी, हे नोंदणी कुणाच्या नावाने आहे यावर ठरतं. उद्यम नोंदणी, अन्न परवाना, चालू खातं, बिल कसं करायचं हे म्हणूनच आम्ही सोप्या भाषेत दिलं आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, १९७५ पासून बायकांच्या आर्थिक विकासासाठी काम करतं आहे. बचत गटातून धंद्याकडे कसं वळायचं याची प्रकरणंही आत आहेत.

पुढची वर्षं या किनाऱ्यासाठी उलथापालथीची आहेत. ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बुलेट ट्रेनच्या आराखड्यात एक स्थानक बोईसरला आहे. बंदराला इथल्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षं विरोध केला आहे आणि त्यात कोळणी पुढे होत्या. समुद्र गेला तर त्यांचा धंदा जाणार आहे, ही भीती खरी आहे आणि या पुस्तिकेत तिला पूर्ण जागा आहे. त्याचबरोबर बंदर, गोदामं, रेल्वे यांतून ज्या नोकऱ्या निघतील त्या बाहेरच्या माणसांनी भरल्या आणि आमच्या मुलींच्या वाट्याला फक्त झाडूपोछा आला, असं होता कामा नये. कुठलं प्रशिक्षण कधी सुरू होतंय, स्थानिकांसाठी काय ठरलंय, हे कळायला भरती संपेपर्यंत थांबायचं नाही.

शेवटी एक आग्रहाची गोष्ट. शिकलेल्या बायकांचं जाळं शिकलेल्यांपुरतंच राहतं, हा अनुभव सगळीकडचा आहे. आमच्या वसाहतीत जव्हार, मोखाडा, विक्रमगडहून आलेल्या वारली आणि कातकरी बायका आहेत, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाहून नवऱ्याबरोबर आलेल्या बायका आहेत. त्या पॅकिंग करतात, गोण्या उचलतात, बांधकामावर राबतात. त्यांच्या पगारातूनही पीएफ कापला जातो आणि त्यांनाही बाळंतपण असतं. केमिस्ट बाईने आपल्याच सेक्शनमध्ये लादी पुसणाऱ्या बाईला तिची स्लिप वाचून दाखवली नाही, तर या सगळ्या पानांचा उपयोग अर्धाच झाला असं मी समजेन.

म्हणून वाचकांना विनंती आहे की ही पुस्तिका एकदा वाचून कपाटात ठेवू नका. कायदे बदलतात, मर्यादा वाढतात, योजना बंद होतात. तेव्हा इथली प्रत्येक माहिती वापरण्यापूर्वी त्या त्या कार्यालयात खात्री करून घ्या, आणि बदल कळला तर आम्हालाही कळवा. आपल्या कंपनीत जागा निघाली तर आधी दोघींना सांगा, मग स्वतः अर्ज करा. दोघींपैकी एकीला ती मिळाली आणि तुम्हाला नाही, तर वाईट वाटेल, पण त्या कंपनीत तुमच्या ओळखीची एक बाई असेल, आणि पुढची बातमी ती तुम्हाला आधी देईल. आमच्या आयांनी घराबाहेर पाऊल टाकण्यासाठी झगडा केला. आमच्या मुलींना निर्णयाच्या खोलीपर्यंत पोचवायचं काम आमच्या पिढीचं आहे, आणि ते एकेकटीने होणार नाही.